आधी व्होल्ट, मग सही

नवा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पहिल्याच मुक्कामी मध्यरात्री हीटर बंद पडला, सकाळी फ्रीजमधलं दूध कोमट निघालं, आणि डीलरला फोन केला तर पलीकडून सल्ला आला, ‘बॅटरी गेली असेल, नवी टाका.’ टाकू नका. ते शंभर-दीडशे डॉलर खिशातच ठेवा आणि वीस-पंचवीस डॉलरचा मल्टिमीटर आणा. नव्या ट्रेलरमधली बॅटरी सहसा आपल्या मरणाने मरत नाही. ती कुणीतरी महिनोन्‌महिने चार्ज न करता उभी ठेवलेली असते, कुणीतरी उलटी जोडलेली असते, नाहीतर तिच्या ताकदीबाहेरचं ओझं तिच्यावर टाकलेलं असतं. ते कारण तसंच राहू देऊन नवी बॅटरी टाकली की तीही त्याच वाटेने जाते.

माझ्या ओळखीतल्या अमेरिकेतल्या मराठी घरांत आता ट्रेलर दिसू लागलेत. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. त्यांना रोज नवं हॉटेल नको असतं, आपला वरणभात आपल्या गॅसवर हवा असतो. यलोस्टोनला जायचं तर यासारखी सोय नाही. पण त्याच ट्रेलरच्या फ्रीजमध्ये बाबांच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या असतात आणि रात्री आईच्या उशाशी श्वासासाठीचं सीपॅप यंत्र चालू असतं. वीज गेली तर नुसता दिवा जात नाही. म्हणून या आठवड्यात ज्याच्या-त्याच्या वाट्याचं ज्याला-त्याला सुनावतो.

*

पहिला नंबर कारखान्याचा.

उत्तर अमेरिकेतल्या आरव्हींपैकी, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांपैकी, ऐंशी टक्क्यांहून अधिक इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट आणि आसपासच्या गावांत बनतात. २०२१ या एका वर्षात या उद्योगाने सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पाठवल्या, तो विक्रम होता. तरीही बहुतेक ट्रेलर कारखान्यातून निघतात तेव्हा त्यांच्यावर घरगुती वापराची बॅटरीच नसते. ती डीलर बसवतो. म्हणजे ज्या वस्तूवर दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅस डिटेक्टर आणि आणीबाणीचा ब्रेक अवलंबून आहे, तिची निवड गाडी आखणारा इंजिनिअर करत नाही. डीलरच्या गोदामात जे स्वस्त असेल ते टंगवरच्या, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावरच्या, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात जातं. सहसा ती ग्रुप २४ मापाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, साधारण ७५ ते ८० अँपिअर-तासांची. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. तेव्हा हाताशी खरे चाळीस अँपिअर-तास.

आता त्याच कारखान्याने आत काय बसवलं ते बघा. पूर्वी ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रीज असायचा, त्याला बॅटरीतून नावापुरतीच वीज लागायची. गेल्या काही वर्षांत बहुतेक कंपन्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रीजकडे वळल्या. फ्रीज चांगला आहे, लवकर गार होतो, गाडी थोडी तिरकी उभी असली तरी कुरकुरत नाही. पण कॉम्प्रेसर चालू असताना तो सहा ते दहा अँपिअर ओढतो, आणि थांबत-थांबत चालला तरी दिवसाकाठी साठ अँपिअर-तास सहज खातो. थंडीच्या रात्री गॅसच्या हीटरचा पंखा चालतो, तो सातेक अँपिअरचा. दहा तासांची रात्र धरा. फ्रीजचे पंचवीस, पंखा निम्मा वेळ चालला तर पस्तीस. झाले साठ. हातात होते चाळीस. पहाटेपर्यंत बॅटरी तळाला का जाते याचं उत्तर या बेरजेत आहे, आणि ही बेरीज कारखान्याला येत नाही असं मी मानायला तयार नाही. मोठा फ्रीज बसवणाऱ्याने त्याला पुरेल एवढी बॅटरी कोणती, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरात छापलंच पाहिजे.

*

दुसरा नंबर डीलरचा.

नव्या गाडीची बॅटरी जुनी असू शकते. ट्रेलर डीलरच्या आवारात महिनोन्‌महिने उभा असतो. गॅस डिटेक्टर, स्टिरिओची मेमरी, फ्रीजचं कंट्रोल बोर्ड, अँटेनाचा बूस्टर अशी बारीकसारीक मंडळी चोवीस तास बॅटरीतून थोडं-थोडं घेत राहतात. सगळं मिळून अर्धा अँपिअर झालं तरी दिवसाला बारा अँपिअर-तास गेले. तीन-चार दिवसांत बॅटरी निम्म्यावर येते, आठवड्याभरात तळाला लागते. तशी रिकामी पडून राहिली की आत सल्फेट साचतं आणि तिची साठवण कायमची कमी होते. थंडीत तर आणखी वाईट. पूर्ण चार्ज बॅटरी मिनेसोटाच्या हिवाळ्यातही गोठत नाही, पण पार उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी उणे सात अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू शकते आणि तिचं कवच फुटतं. डिलिव्हरीच्या दिवशी डीलर तिला तासभर चार्जरला लावतो, भिंतीवरच्या पॅनेलचे चारही दिवे लागतात, तुम्ही सही करता.

त्या भिंतीवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. ते फक्त तारेत त्या क्षणी किती व्होल्ट आहेत ते दाखवतात. ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडलेला असेल तर चार्जरचा व्होल्टेज तिथे दिसतो आणि मेलेली बॅटरीही ‘फुल’ म्हणून झळकते. बॅटरीची खरी अवस्था कळायला ट्रेलर सगळ्या विजेपासून सोडवा, आतलं सगळं बंद करा, काही तास विश्रांती द्या आणि बॅटरीच्या खांबांवर थेट मीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ म्हणजे जवळजवळ संपली. १०.५ म्हणजे तिचं नुकसान सुरू झालं. हे चार आकडे ट्रेलरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

आणि बॅटरीवर महिना-वर्षाचं गोल स्टिकर किंवा ठसा असतो तो वाचा. वर्षभरापूर्वीची तारीख असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा. नव्या गाडीचे पैसे मोजलेत, बॅटरीही नवीच मिळाली पाहिजे.

*

तिसरा नंबर त्या मेकॅनिकचा, जो बॅटरी उलटी जोडतो.

कारमध्ये काळी तार म्हणजे निगेटिव्ह, हे प्रत्येकाच्या हातात बसलेलं असतं. ट्रेलरमध्ये मात्र बहुतेक कंपन्या १२ व्होल्टसाठी काळी तार पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह वापरतात. घाईत असलेला माणूस सवयीने काळी तार उण्याला लावतो, ठिणगी उडते, तो पटकन काढून बरोबर लावतो आणि कुणाला काही सांगत नाही. तेवढ्या क्षणात कन्व्हर्टरवरचे ‘रिव्हर्स पोलॅरिटी’ लिहिलेले दोन फ्यूज जळलेले असतात. कन्व्हर्टर म्हणजे बाहेरच्या १२० व्होल्टच्या विजेपासून १२ व्होल्टची वीज बनवून दिवे चालवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा डबा. ते फ्यूज जळले की दिवे बाहेरच्या विजेवर छान चालतात, बॅटरीला मात्र थेंबभरही पोचत नाही. कॅम्पग्राउंडवर दोन दिवस सगळं मस्त. तिसऱ्या दिवशी जंगलात प्लग काढला की अंधार. मग म्हणायचं, बॅटरी खराब.

इथे निदानाची पद्धत सांगतो, ती सोपी आहे. प्लग काढलेला असताना बॅटरीवर व्होल्टेज मोजा. समजा १२.३ आला. आता ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा १३ च्या वर, बहुधा १३.६ च्या आसपास किंवा त्याहून वर गेला, तर चार्जिंग होतंय. हलला नाही, तर आत जाऊन फ्यूज पॅनेलच्या १२ व्होल्टच्या बाजूला मोजा. तिथे १३.६ आणि बॅटरीवर १२.३ असेल तर कन्व्हर्टर निर्दोष आहे, मधली वाट तुटली आहे. ते दोन फ्यूज बघा, बॅटरी डिसकनेक्ट स्विच बघा, टंगवर बॅटरीजवळ असलेला छोटा ब्रेकर बघा, चासीला जोडलेली निगेटिव्ह तार रंगावर घट्ट केली आहे की उघड्या लोखंडावर ते बघा. पॅनेलवरही १३ चढत नसतील तर कन्व्हर्टरचा १२० व्होल्टचा ब्रेकर बघा. तो चालू असूनही व्होल्टेज नसेल, तेव्हा कन्व्हर्टरवर बोट ठेवा. एवढ्या पायऱ्या चढायला अर्धा तास लागतो, आणि यातली एकही पायरी दुकानातून काही विकत आणायला सांगत नाही.

डिसकनेक्ट स्विचबद्दल एक ओळ जास्त. अनेक ट्रेलरमध्ये तो ‘स्टोअर’वर असेल तर बाहेरची वीज जोडूनही बॅटरी चार्ज होत नाही. दारात आठवडाभर प्लग लावून ठेवला आणि निघताना बॅटरी रिकामी, यामागे पुष्कळदा तो स्विचच असतो. उलटही घडतं. स्विच बंद असूनही गॅस डिटेक्टरसारखी काही उपकरणं थेट बॅटरीला जोडलेली असल्यामुळे ती ओढत राहतात. लांबच्या मुदतीसाठी उभा करायचा असेल तर स्विचवर विसंबू नका, निगेटिव्ह तारच सोडवा.

*

चौथा, ‘गाडी चालवली की बॅटरी भरते’ म्हणणारा शेजारी.

ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली एक पिन चार्जिंगची असते, हे खरं. पण अल्टरनेटरपासून टंगवरच्या बॅटरीपर्यंतची तार लांब आणि बारीक असते, वाटेत व्होल्टेज गळतो, आणि शेवटी बॅटरीला पाच-दहा अँपिअर मिळाले तर नशीब. वाटेत फ्रीज चालू असेल तर तो तेवढे खाऊन टाकतो. चार तासांच्या प्रवासानंतर बॅटरी सकाळी होती तिथेच. काही गाड्यांमध्ये या पिनेचा फ्यूज किंवा रिले मुळात बसवलेलाच नसतो. ट्रक चालू ठेवून प्लगच्या पिनेवर मीटर लावा, दोन मिनिटांत कळेल. वाटेतच बॅटरी भरायची असेल तर जाड तार आणि डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

पाचवा, ‘सोलर रेडी’ लिहिलेलं स्टिकर. स्टिकरमुळे वीज बनत नाही. बहुतेकदा त्याचा अर्थ छताखालून एक तार आणि बाहेर एक सॉकेट, एवढाच. छतावर २०० वॉटचं पॅनेल खरोखर असेल, आकाश मोकळं असेल, उन्हाळा असेल, तर दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास मिळतात. स्मोकी माउंटन्समध्ये झाडाखाली जागा मिळाली तर त्याचा तुकडाच मिळेल. बाहेरून सुटं पॅनेल जोडणाऱ्याने सॉकेटचं धन-ऋण मोजूनच जोडावं. काही कंपन्यांच्या सॉकेटचं धन-ऋण नेहमीच्या उलट असतं.

सहावा, लिथियमचा विक्रेता. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उत्तम आहे, मी तिच्या बाजूचा आहे. शंभर अँपिअर-तासांतले जवळजवळ सगळे वापरता येतात, वजन निम्म्याहून कमी. पण गिऱ्हाइकाला तीन गोष्टी न सांगता ती विकणं चूक आहे. एक, पूर्ण भरायला तिला १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात. जुन्या पद्धतीचा कन्व्हर्टर १३.६ वर थांबला तर ती अर्धवटच राहते. दोन, शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करायची नसते. हीटर नसलेली लिथियम बॅटरी कोलोरॅडोच्या थंडीत टंगवरच्या उघड्या डब्यात ठेवणं म्हणजे पैसे गोठवणं. तीन, ती पार उतरली की आतली संरक्षण यंत्रणा तिला तोडते आणि मीटर शून्य दाखवतो. माणूस म्हणतो मेली, फेकून देतो. ती झोपलेली असते. लिथियमसाठीच्या योग्य चार्जरने ती बहुधा जागी होते.

*

सातवा नंबर आपला स्वतःचा, ट्रेलर घेणाऱ्या मराठी माणसाचा.

महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर होते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घालायचं, फ्रीज इन्व्हर्टरवर का लावायचा नाही, दोन पंखे आणि एक ट्यूब किती तास चालेल, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. कॉलेजातल्या कुठल्याही शाखेचा मुलगा ते सांभाळायचा. तीच माणसं इथे तीस-चाळीस हजार डॉलरचा ट्रेलर घेतात आणि टंगवरच्या त्या काळ्या डब्याचं झाकण वर्षभर उघडत नाहीत. झाकण उघडा. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर पाण्याची पातळी बघा, प्लेटा उघड्या पडू देऊ नका, डिस्टिल्ड वॉटरच घाला. खांबांवरचं पांढरं-हिरवं साचलेलं पुसून काढा. तारांचे नट हाताने हलवून बघा. माझ्या ट्रेलरवर ब्रेकरचा नट बोटांनी फिरत होता, आणि त्या ट्रेलरच्या डिलिव्हरीच्या यादीवर ‘इलेक्ट्रिकल तपासलं’ या ओळीपुढे बरोबरची खूण होती.

भारतातून आलेल्या हातांना आणखी एक सांगणं, हे जिवावरचं आहे. आपल्याकडे घरची वीज २३० व्होल्टची, म्हणून २४० हा आकडा आपल्याला खटकत नाही. ट्रेलरचा ३० अँपिअरचा सॉकेट फक्त १२० व्होल्टचा असतो. घराशेजारी ट्रेलर उभा करायला तसा सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियन तो कपड्यांच्या ड्रायरचा समजून २४० व्होल्टचा जोडतो, ही इथली नेहमीची दुर्घटना आहे. प्लग लावताक्षणी कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, फ्रीजचं बोर्ड, सगळं जळतं. इलेक्ट्रिशियनला ‘टीटी-३०, १२० व्होल्ट’ असं लिहून द्या, आणि त्याचं काम झाल्यावर प्लग लावण्याआधी मीटर लावा. १२० च्या आसपास दिसलं तरच प्लग आत जाईल, हा घरचा नियम करा.

तीस अँपिअर म्हणजे एकूण ३६०० वॉट. एसी बारा ते पंधरा अँपिअर घेतो, पाणी तापवायची विजेची कॉइल बाराच्या आसपास, मायक्रोवेव्ह बारा-तेरा. तिन्ही एकदम लावले तर ब्रेकर पडणारच. त्यात गाडीचा काहीही दोष नाही. एसी चालू असताना पाणी गॅसवर तापवा. भर उन्हाळ्यात गर्दीच्या कॅम्पग्राउंडवर खांबावरचा व्होल्टेज खाली येतो. १०४ च्या खाली गेला तर एसीचा कॉम्प्रेसर तापून जळू शकतो. कमी-जास्त व्होल्टेज आणि तुटलेलं अर्थिंग ओळखून वीज तोडणारं संरक्षक उपकरण मिळतं. ते फ्रीजइतकंच गरजेचं समजा आणि पहिल्या दिवशी घ्या.

काही सॉकेट मेले आणि बाकी चालू आहेत, तर आधी जीएफसीआयचं, म्हणजे शॉक बसू नये म्हणून वीज तोडणाऱ्या सॉकेटचं, बटण शोधा. ते बहुतेक वेळा बाथरूममध्ये असतं आणि स्वयंपाकघराचे, कधी बाहेरचेही सॉकेट त्याच्यामागे असतात. हीटरचा पंखा फिरतोय पण हवा थंड येतेय, तर गॅसचा नळ फिरवत बसण्याआधी व्होल्टेज बघा. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, हवेच्या जोराने जुळणारा आतला छोटा स्विच जुळत नाही आणि ज्योत पेटवायला परवानगीच मिळत नाही. गॅस डिटेक्टर पहाटे चिवचिवाट करतो तोही पुष्कळदा व्होल्टेज उतरल्यामुळे. त्याचा फ्यूज काढून पुन्हा झोपणारे लोक मी पाहिलेत. त्यांना हात जोडून सांगतो, तो आवाज घरातल्या सगळ्यांच्या श्वासासाठी आहे. बॅटरी चार्ज करा, फ्यूज जागेवर ठेवा.

आणि एक मर्यादा. १२ व्होल्टच्या बाजूला तुम्ही स्वतः मोजा, फ्यूज बदला. १२० व्होल्टच्या पॅनेलचं झाकण काढायचं असेल तर आधी प्लग काढलेला हवा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद हवेत, आणि हात सराईत हवेत. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी नव्या ट्रेलरच्या पॅनेलमधले स्क्रू सैल होतात, तारेचं टोक तापतं, प्लास्टिक काळं पडतं. जळका वास आला तर प्लग काढा आणि प्रमाणित आरव्ही तंत्रज्ञ बोलवा. तिथे प्रयोग नकोत.

*

आता कायद्याचं, थोडक्यात. नवी कार वारंवार बिघडली तर राज्याचा लेमन लॉ पाठीशी असतो. ट्रेलरच्या बाबतीत अनेक राज्यांचे लेमन लॉ एकतर ओढायच्या गाड्यांना लागूच होत नाहीत, नाहीतर राहण्याचा भाग वगळतात. उरतो १९७५ चा केंद्रीय मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा, जो लेखी वॉरंटी देणाऱ्याला ती पाळायला भाग पाडतो. पण ट्रेलरची वॉरंटी तुकड्या-तुकड्यांत असते. बॅटरी बहुधा ट्रेलर कंपनीच्या वॉरंटीत नसते, ती बॅटरी कंपनीची. कन्व्हर्टर त्याच्या कंपनीचा, फ्रीज फ्रीजवाल्याचा. प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि उन्हाळा संपतो. या वर्तुळातून बाहेर पडायचं एकच साधन ग्राहकाच्या हातात आहे, ते म्हणजे लेखी आकडे. ‘लाइट जातात’ ही तक्रार टाळता येते. ‘बाहेरची वीज जोडलेली असताना पॅनेलवर १३.६ आणि बॅटरीवर १२.१, सोबत तारखेसह फोटो’ ही तक्रार टाळता येत नाही, कारण ती वाचणाऱ्याला दोष कुठे आहे हे कळतं आणि तुम्हालाही ते कळलंय हेही कळतं.

म्हणून डीलरकडे सही करण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून मागा: बॅटरीचं माप आणि तिच्यावरची तारीख, विश्रांतीनंतरचा व्होल्टेज, चार्जिंग चालू असतानाचा व्होल्टेज, फक्त बॅटरीवर फ्रीज आणि हीटर एकत्र तासभर चालल्यावरचा व्होल्टेज, आणि ब्रेकअवे ब्रेकची चाचणी.

शेवटची सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल विक्रेते सर्वांत कमी बोलतात. ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला तर टंगवरची एक बारीक केबल ताणली जाते, पिन बाहेर येते आणि ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक आपोआप लागतात. ती वीज येते ट्रेलरच्याच बॅटरीतून. एका चाकाच्या ब्रेकला तीनेक अँपिअर, चार चाकांना बारा. अमेरिकेतल्या व्यावसायिक ट्रेलरना हा ब्रेक १५ मिनिटं धरून ठेवण्याची केंद्रीय अट आहे, आणि खासगी ट्रेलरवर ठरावीक वजनापुढे ब्रेकअवे यंत्रणा असलीच पाहिजे असं अनेक राज्यांचा कायदा सांगतो. बॅटरी मेलेली असेल तर ती यंत्रणा शोभेची आहे. सुटलेला तीन टनांचा ट्रेलर समोरच्या गाडीत कोण आहे ते बघत नाही. याच पिनेमुळे वीजचोरीही होते. मुलांनी खेळताना ती ओढली किंवा ती अर्धवट बाहेर राहिली तर ब्रेकचे चुंबक रात्रभर वीज पीत राहतात आणि सकाळी बॅटरी रिकामी असते. कारण सापडत नसेल तेव्हा ही पिन जरूर बघा.

डीलर म्हणेल वेळ नाही, पुढचं गिऱ्हाईक थांबलंय. थांबू दे. त्याच्याच आवारात, सपाट जागी ट्रेलर ट्रकला अडकवा, सात पिनांचा प्लग काढून ठेवा, पिन ओढा आणि ट्रक अगदी हळू, दोन फूट पुढे घ्यायला सांगा. चाकं अडली, ट्रेलर घट्ट धरून राहिला, तर पिन लगेच परत लावा आणि खुशाल सही करा. चाकं फिरली तर चावी टेबलावर ठेवा आणि घरी जा. तो दुरुस्त करून फोन करेल, कारण त्याला तुमचे पैसे हवेत.